तीच बायको

बोलावणं धाकटीकडून आलं, हेच थोरलीला आधी पटेना.

ती दुकानात कापड फाडत होती. एका हॉटेलच्या खोल्यांचे पडदे शिवायला आले होते, जाड आणि आडमुठं कापड, कात्रीला दाद न देणारं. दारातला उजेड अडला म्हणून तिने मान वर केली, तर उंबऱ्यात जाऊ उभी.

"ओळखलंत ना?" धाकटीने विचारलं.

"न ओळखून सांगते कुणाला. ये, बस."

धाकटी बसली नाही. अंगावरचे कपडे भारीतले होते, पण केसांना फणी लागलेली दिसत नव्हती. ती आत आली तसा तिच्याबरोबर तो वासही आत आला. मासळी मिठात मुरवून धुरावर वाळवायचा त्या घराचा पिढीजात धंदा. भट्टी घराच्या मागेच, त्यामुळे तो वास अंथरुणात, पांघरुणात, लेकरांच्या टाळूत मुरलेला. पाच वर्षांची पोर हाताशी धरून थोरली त्या घरातून बाहेर पडली, तेव्हा तिने सगळे कपडे दोनदोनदा धुतले होते. तरी कितीतरी महिने तिला स्वतःचाच वास यायचा.

"हे दवाखान्यात आहेत," धाकटी म्हणाली. "पोटाचा कॅन्सर. ऑपरेशनला घेतलं, उघडून पाहिलं आणि तसंच बंद केलं. सगळीकडे पसरलाय म्हणे."

थोरलीने कात्री खाली ठेवली. धाकट्या भाऊजींचा चेहरा आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. ती घर सोडत होती तेव्हा ते भट्टीच्या दाराशी पाठ करून उभे होते, लाकडं रचत. एवढी लाकडं त्या दिवशी कशाला लागत होती, कोण जाणे.

"वाईट झालं," ती म्हणाली, आणि तेवढं तिला खरंच वाटलं.

"वन्सं येऊन राहिल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या हाताने झालं. मी तिखट-मीठ जास्त घालते, मी शिळं वाढते, मी त्यांच्या जेवणाची वेळ कधी पाळली नाही." धाकटीचा आवाज चिरकला. "जन्मभर रांधून घातलं जाऊबाई, आणि आता हे."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. या वाक्यातला शब्दन् शब्द तिच्या ओळखीचा होता. फक्त तो तेव्हा तिच्या वाट्याला आला होता, आणि घरातल्या सगळ्यांसमोर, नवऱ्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, नणंदेने विचारलं होतं, "खरं सांग, ही माझ्या भावाला काय वाढायची?" आणि ही धाकटी, तेव्हाची नवी नवरी, खाली मान घालून म्हणाली होती, "उरलंसुरलं."

"मग मी काय करू?" थोरलीने विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी घरच्या सगळ्यांना बोलावलंय. त्या याच आजाराच्या पेशंटांचा अभ्यास करतात. तुम्ही येऊन एवढंच सांगा, की मोठ्या भाऊजींनाही असंच झालं होतं. म्हणजे ते रक्तातलं ठरेल. माझ्या हातातलं नाही."

"तेव्हा तू काय सांगितलं होतंस, आठवतंय?"

"मी नवीन होते."

"मीही कधीतरी नवीनच होते की."

धाकटी रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. जाता जाता दारातून म्हणाली, "माझ्यासाठी नका येऊ. तुमच्या लेकीसाठी या. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्ताच्या माणसांनी तपासून घ्यायला हवं. तीही त्याच रक्ताची ना?"

हे मात्र बरोबर जागी लागलं.

लेक दुसऱ्या गावी जमीन मोजणीच्या कामावर होती. थोरलीने त्याच संध्याकाळी तिला फोन लावला आणि विचारलं, "तुझं पोट कसं आहे?"

"पोट? बरं आहे. का गं?"

"जेवतेस ना नीट?"

"आई, काय झालंय?"

"काही नाही. सांगते नंतर," म्हणून तिने फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंची खोली अरुंद होती. टेबल, खुर्च्या, भिंतीवर पोटाचं एक रंगीत चित्र, आणि खिडकीबाहेर कपडे धुण्याच्या विभागाची वाफ. नणंद आधीच येऊन मधल्या खुर्चीत बसली होती. या बाईला कडेची खुर्ची कधी माहीतच नव्हती. थोरली आत आली तेव्हा तिने वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि धाकटीच्या मुलाला म्हणाली, "हिला कुणी बोलावलं?"

"आईने," पुतण्या म्हणाला. सव्वीस वर्षांचा उंचापुरा गडी, आता भट्टी तोच बघत होता. थोरलीला तो पहिल्यांदाच दिसत होता. तो उठून उभा राहिला आणि तिला खुर्ची दिली. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलण्यात घाई नव्हती. "कुणाचा दोष काढायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "आमच्याकडे या आजाराचे जे पेशंट येतात ना, त्यातले बरेचसे फार उशिरा येतात. आधी वर्ष-वर्ष ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतात. म्हणून मी घरच्यांशी बोलते. कुणाला धोका आहे हे आधी कळलं तर काहीतरी करता येतं. मी विचारते, तुम्ही सांगा. जेवणात मीठ किती असतं?"

"विचारायलाच नको," नणंद म्हणाली आणि धाकटीकडे पाहिलं. "जिभेला भेगा पडतील इतकं."

"घरातच मिठाची पोती आहेत, आत्या," पुतण्या म्हणाला. "विकायला जाणार नाहीत ते मासळीचे तुकडे आपणच खातो. आजोबांपासून खातोय. त्यात आईने मीठ कमी टाकून टाकून किती कमी टाकणार?"

"धुरावरची मासळी रोज खाता?" बाईंनी विचारलं.

"रोज नाही, पण..."

"रोज," थोरली म्हणाली. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "सकाळ-संध्याकाळ. दुसरं काही केलं तर सासऱ्यांना खपायचं नाही. जे खाऊन मोठे झालो त्याला नावं ठेवू नये म्हणायचे. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं."

पुतण्याला हसू आलं, ते त्याने गिळलं.

"सिगारेट?"

"भाऊ ओढायचा," नणंद म्हणाली. "घरात कुणी दोन गोड शब्द बोललं असतं तर ओढली नसती."

"लग्नाआधीपासून ओढतात," धाकटी भिंतीपासून म्हणाली.

"एक जंतूही असतो," बाई म्हणाल्या. "पोटात राहतो, वर्षानुवर्षं. बहुतेक वेळा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. औषधाने जातो. तुम्हा सगळ्यांची तपासणी करू."

"म्हणजे घर घाणेरडं," नणंद म्हणाली. "स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात आहे, तेही लिहा."

"लहानपणी लागतो म्हटलं मी. तेव्हा ते तुमच्या आईच्या ताब्यात असेल."

थोरलीच्या ध्यानात आलं की ही पोरगी दिसते तितकी साधी नाही. पण ती ज्याला धोका म्हणत होती, त्याचा या घरात आरोप होत होता. मीठ म्हटलं की एकीकडे बोट, धूर म्हटलं की दुसरीकडे. ताटातलं आवडीचं तेवढं उचलावं तसं जो तो आपल्याला हवं ते कारण उचलत होता.

"आता महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "आई-वडील, भावंडं. याआधी घरात कुणाला पोटाचा कॅन्सर?"

"नाही," नणंद म्हणाली.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेतली याचना थोरलीने ओळखली आणि तिला एक गोड, घाणेरडा आनंद झाला. काही बोलायचं नाही. एवढंच करायचं. मांडीवर हात ठेवून बसायचं आणि हिला कळू द्यायचं, की सगळे आपल्याकडे बघत असतात आणि एकही तोंड आपल्या बाजूने उघडत नाही तेव्हा काय होतं. फक्त लेकीची आठवण झाली नसती, तर तिने तेच केलं असतं.

"पेशंटचे मोठे भाऊ तरुणपणीच गेले, असं यांच्या मुलाने सांगितलं," बाई म्हणाल्या. "ते कशाने?"

"खाण्याची आबाळ," नणंद ठामपणे म्हणाली. "बायकोने उपाशी मारला त्याला."

बाईंनी थोरलीकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही पेशंटच्या कोण?"

"तीच बायको," थोरली म्हणाली.

मग थोरलीने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू केल्यावर थांबली नाही.

"आधी त्यांना दोन घासांत पोट भरायचं. ताट पुढे सरकवायचे, म्हणायचे, झालं माझं. मी चिडायचे, मला वाटायचं माझ्या हाताची चव गेली. मग पोटात वर, इथे, दुखायला लागलं. गोळी घेतली की बरं वाटायचं. मग अंगावरचे कपडे ढिले झाले. मीच आत घ्यायचे, शिवणकाम येत होतं थोडं. मग शौचाला काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. घट्ट काही गिळवेना, म्हणून होतं-नव्हतं ते मऊ शिजवून, पाणी घालून चमच्याने भरवायचे. कालचं असलं तर कालचं, कारण नवं केलेलंही तेवढंच बाहेर पडायचं. ते बघणाऱ्याला उरलंसुरलं दिसलं असेल." तिने धाकटीकडे पाहिलं नाही. "शेवटी पोटात पाणी झालं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट एवढं. सासरे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, मला नेलं नाही. परत येऊन म्हणाले, अल्सर आहे, पथ्य पाळलं नाही घरात."

"दुर्बीण घातली होती का?"

"नळी घातली म्हणून ते सांगत होते. दोन दिवस घसा दुखत होता."

"मग तेव्हाच कळलं असणार," बाई म्हणाल्या, जरा स्वतःशीच. "घरच्या कुणाला तरी नक्की सांगितलं असणार."

"ही बोलतेय त्याला पुरावा काय?" नणंद उसळली. "माझा बाप खोटं बोलला असं म्हणायचंय हिला? हिची ती जीभ अजून..."

"बोलले होते, आत्या," पुतण्या म्हणाला.

तो खाली बघत होता, पण आवाज स्थिर होता. "आजोबा खोटं बोलले होते. बाबांनी ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं. मोठ्या काकांना कॅन्सर होता, ते आजोबांना माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. भट्टीवाल्याच्या घरात पोटाचा कॅन्सर म्हटल्यावर माल कोण घेणार? आणि तेव्हा तुमचं ठरत होतं, आत्या. त्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी मुलगी नाकारली असती. म्हणून आजोबा म्हणाले, अल्सर सांगायचा, आणि लोकांनी विचारलं तर आबाळ झाली म्हणायचं."

नणंदेचा संसार चांगला झाला होता. मोठं घर, शांत नवरा. त्याची किंमत आपल्याकडून वळती झाली होती, हे थोरलीला आज कळत होतं, आणि नणंदेलाही आजच कळत होतं. दोघींपैकी कुणाला ते जास्त लागलं, सांगता आलं नसतं.

पण थोरली नणंदेकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" तिने धाकटीला विचारलं.

धाकटीने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"तेव्हा नाही. नंतर कळलं. यांनी सांगितलं."

"नंतर म्हणजे?"

"हा पोटात होता तेव्हा." तिने लेकाकडे मान केली.

म्हणजे पोरगा जितक्या वर्षांचा, तितकी वर्षं. तितकी वर्षं हिला सगळं माहीत होतं, आणि आज, आपल्या पायाखाली जळायला लागल्यावर, ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली होती. पुतण्याही आईकडे बघायला लागला. त्याने ज्या आईसाठी आत्याला तोंडघशी पाडलं, तिच्याकडे तो आता असं बघत होता, की धाकटीने नजर चुकवली.

"मी सांगितलं असतं तर मलाही घरातून काढलं असतं, जाऊबाई."

"काढलं असतं," थोरली म्हणाली. "मग दोघी असतो."

ती उठली. दारापाशी थांबून तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, की लेकीला कधी आणू. बाईंनी दिवस सांगितला.

खाली कँटीनमध्ये ती चहा घेत होती तेव्हा नणंद आली. एकटीच. तिने पाव आणि चहा घेतला आणि लांबच्या टेबलावर पाठ करून बसली. थोरलीने ठरवलं होतं की तिकडे बघायचं नाही. तरी तिने बघितलं. नणंदेने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा मोडला, खाल्ला. तिसरा हातात घेऊन नुसतीच बसली, आणि मग बशी हळूच पुढे सरकवली. पर्समधून गोळी काढून चघळायला लागली. तिच्या खांद्यावरचा पोशाख कुणा जाड बाईचा मागून आणल्यासारखा लोंबत होता.

आपल्याला काय करायचंय, असं थोरलीने स्वतःला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. चहा संपवला. पर्स उचलली. आणि दाराकडे न जाता त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"कधीपासून आहे हे, वन्सं?"

"काय?"

"दोन घासांत पोट भरतं ते."

"ॲसिडिटी आहे मला. जुनी."

"तेही असंच म्हणायचे."

नणंदेचे डोळे लाल झाले. "भाऊ खाल्लास, आता माझंही मरण बघायला आलीस?"

"मी लेकीसाठी आले होते," थोरली म्हणाली. "तुमचं नजरेला पडलं. वर त्या बाई अजून खोलीत आहेत. जायचं तर जा, नाहीतर गोळ्या खा. मला दोन्ही सारखंच."

ते सारखं नव्हतं, पण तसं म्हणाल्याने तिला बरं वाटलं. ती वळून बघायला थांबली नाही.

धाकटे भाऊजी महिन्याभरात गेले. थोरली त्यांना भेटायला वॉर्डात एकदाही गेली नाही, आणि त्यांनीही तिला बोलावलं नाही. त्यांच्यामागे भट्टी बंद झाली. पुतण्याच्या पोटात तो जंतू सापडला, त्याने औषध घेतलं आणि मालवाहू गाड्यांच्या कामाला लागला. आईशी तो गरजेपुरतं बोलतो, असं कानावर आलं. लेकीची दुर्बीण झाली, त्यात काही निघालं नाही. दर दोन वर्षांनी येत राहा, असं बाईंनी सांगितलं. रिपोर्ट ऐकून लेक दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "बाबांना उपाशी मारलं असं शाळेत मला मुली म्हणायच्या. मी तुला कधी सांगितलं नाही." थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही शाळेतलं कळलं होतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

नणंद त्या दिवशी वर गेली होती. तिचं वेळेवर सापडलं. जठर काढून टाकावं लागलं, पण पसरलेलं नव्हतं. ती वाचली. नातेवाइकांत ती सांगत असे, की मला आधीच शंका आली होती, मी स्वतःहून डॉक्टरांना गाठलं. थोरलीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. उपाशी मारल्याची गोष्ट दहा घरांत जाऊन वसली होती. तिला कोण कुठून परत बोलावणार होतं?

मग एका दुपारी नणंद दुकानात आली. हातात कपड्यांची पिशवी. ती स्वतः अर्धी झाली होती.

"हे आत घ्यायचेत," ती म्हणाली. "सगळे ढगळ झाले."

गावात दुसरे शिंपी नव्हते असं नाही. थोरलीने टेप काढला. नणंद हात पसरून उभी राहिली. खांदा, छाती, कंबर. इतक्या वर्षांत त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. नणंदेच्या श्वासाला औषधाचा वास होता. मधेच तिने पिशवीतून एक बिस्किट काढलं, अर्धं मोडून चावून चावून खाल्लं, आणि अर्धं परत ठेवलं. तिला आता दिवसभर असंच खावं लागत होतं.

"वहिनी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "दादाला फार दुखायचं का गं?"

थोरलीचा हात कमरेवर थांबला.

"शेवटी शेवटी तो काय म्हणायचा? माझी आठवण काढायचा का? मी लग्नाच्या गडबडीत होते. मी एकदाही त्याच्याजवळ बसले नाही."

तो आठवण काढायचा. रोज काढायचा. तिच्या लग्नाची सनई वाजेल तेव्हा मला खिडकीपाशी नेऊन बसव म्हणाला होता, आणि थोरलीने त्याला पाठीवर घेतल्यासारखं उचलून नेलं होतं, इतका हलका झाला होता तो. त्याने तिथून काय बघितलं, काय बोलला, कुणाचं नाव घेतलं, ते सगळं तिच्याजवळ होतं. त्या घरातून तिने बाहेर आणलेलं, लेकीखेरीज, एवढंच होतं.

"फार वर्षं झाली, वन्सं," ती म्हणाली. "आता मला नीटसं आठवत नाही."

नणंदेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ती हजर होती. तिथे थोरलीला काय काय आठवत होतं, ते तिने ऐकलं होतं.

थोरलीने टेप गुंडाळला.

"शनिवारी या," ती म्हणाली. "तयार ठेवते."